राखीव लिनक्स: डेस्कटॉपवर दुसरी प्रणाली कायम तयार कशी ठेवावी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. रोजच्या कामाचा एकच डेस्कटॉप आहे, त्यावर एकच लिनक्स आहे, आणि एका अपडेटनंतर ती सुरूच होईना. लाइव्ह यूएसबीवर, म्हणजे पेन ड्राइव्हवरून थेट चालणाऱ्या लिनक्सवर, कसेबसे भागले, पण मेल, प्रिंटर, व्हीपीएन यांपैकी काहीच हाताशी नव्हते. तेव्हा त्याच संगणकावर दुसरी लिनक्स कायमची बसवून ठेवावी का, ती कुठे बसवावी, होम (वापरकर्त्याच्या फाइली आणि सेटिंग जिथे राहतात ते फोल्डर) समाईक असावे की वेगळे, आणि ती अद्ययावत कशी ठेवावी, असे चार मुद्दे विचारले आहेत.

दुसरी प्रणाली जरूर ठेवावी. फक्त ती ठेवताना एक कसोटी सतत लावावी लागते, ती अशी की मुख्य प्रणालीशी तिचे काय काय समाईक आहे. जे समाईक, ते बिघडले की दोन्ही प्रणाली एकदमच जातात. डिस्क, ईएफआय पार्टिशन (संगणक सुरू करणाऱ्या फाइलींचा डिस्कवरचा छोटा भाग), बूटलोडर (प्रणाली सुरू करून देणारा प्रोग्राम), कर्नल (प्रणालीचा गाभा), ग्राफिक्सचा ड्रायव्हर, होम, स्वॅप (रॅम अपुरी पडल्यास वापरली जाणारी डिस्कवरची जागा), इतकेच नव्हे तर कीबोर्डसुद्धा या यादीत येतो. पुढचे बरेचसे उत्तर ही यादी शक्य तेवढी आखूड करण्याविषयी आहे, आणि जे समाईक ठेवणे भाग आहे ते कोणत्या अटींवर ठेवावे याविषयी आहे.

प्रथम दोन पर्यायांचा निकाल लावू. टाइमशिफ्ट किंवा स्नॅपर या प्रोग्रामांनी घेतलेले स्नॅपशॉट, म्हणजे प्रणालीची त्या क्षणीची जपलेली स्थिती, फसलेले अपडेट मागे घेण्यासाठी उत्तम असतात. ओपनसूसेमध्ये तर बूट मेनूतूनच जुन्या स्नॅपशॉटमध्ये शिरता येते. परंतु बीटीआरएफएस या फाइलसिस्टीमचे (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतीचे) स्नॅपशॉट त्याच फाइलसिस्टीमच्या पोटात असतात, त्यामुळे ती फाइलसिस्टीमच माउंट होईनाशी (वापरासाठी जोडली जाईनाशी) झाली तर मूळ प्रणाली आणि तिचे सगळे स्नॅपशॉट एकाच वेळी हातचे जातात. लाइव्ह यूएसबी टेबलाच्या खणात असलीच पाहिजे, पण ते दुरुस्तीचे हत्यार आहे, कामाची जागा नव्हे. राखीव प्रणालीचा खरा फायदा असा की बिघाड झाल्यावर दहा मिनिटांत दुसरीकडे काम सुरू होते आणि दुरुस्ती सवडीने, डोके शांत ठेवून करता येते. घाईत केलेल्या दुरुस्तीने मूळ बिघाडापेक्षा मोठे नुकसान झालेले मी अनेकांकडे पाहिले आहे. डेटाच्या प्रती ठेवणे हे वेगळे काम आहे आणि राखीव प्रणालीमुळे ते टळत नाही, हेही इथेच नमूद करतो.

आता जागा. शक्य असेल तर राखीव प्रणाली वेगळ्या भौतिक डिस्कवर असावी. डेस्कटॉप वातावरण आणि रोजचे प्रोग्राम मिळून साधारण १५ ते २० जीबी जागा घेतात. जुने कर्नल, पॅकेजांचा साठा आणि फ्लॅटपॅक (स्वयंपूर्ण पॅकेजमध्ये मिळणारे प्रोग्राम) धरून ४० जीबी दिल्यास पुढे ओढाताण होत नाही. म्हणजे अडगळीत पडलेली एखादी लहान साटा एसएसडीसुद्धा या कामाला पुरते. यूएसबीने जोडायची बाहेरची एसएसडीही चालते, आणि तिचा एक जादा फायदा असा की मदरबोर्ड किंवा पॉवर सप्लाय गेला तर ती दुसऱ्या संगणकाला लावून काम पुढे नेता येते. तरीही मी आतली डिस्क पसंत करतो, कारण बाहेरची डिस्क इतर कामांसाठी काढली जाते आणि राखीव प्रणाली हळूहळू विसरली जाते. एकच डिस्क असेल तर तिच्यावरच वेगळे पार्टिशन करावे. डिस्क गेली तर त्याचा उपयोग नाही, हे उघड आहे; पण घरगुती संगणकावर फसलेले अपडेट हा डिस्क मरण्यापेक्षा नेहमीचा प्रकार आहे, आणि त्याविरुद्ध वेगळे पार्टिशनही पुरेसे संरक्षण देते.

वेगळी डिस्क असेल तर राखीव प्रणाली बसवताना मुख्य डिस्क संगणकापासून तोडून ठेवावी. हा सल्ला अतिसावध वाटेल, पण त्यामागे ठोस कारण आहे. इन्स्टॉलरमध्ये आपण दुसरी डिस्क निवडली तरी काही इन्स्टॉलर बूटलोडर मात्र सापडलेल्या पहिल्या ईएफआय पार्टिशनमध्येच नेऊन ठेवतात. मग राखीव प्रणालीचे मूळ दुसऱ्या डिस्कवर आणि तिचा दरवाजा पहिल्या डिस्कवर, अशी स्थिती होते; पहिली डिस्क गेली की दुसरी धडधाकट असूनही सुरू होत नाही. मुख्य डिस्क जोडलेलीच नसेल तर इन्स्टॉलरला दुसऱ्या डिस्कवर स्वतंत्र ईएफआय पार्टिशन करण्यावाचून गत्यंतर राहत नाही. साटा डिस्कची केबल काढणे सोपे आहे. एनव्हीएमई (मदरबोर्डवरच बसणारी) डिस्क ग्राफिक्स कार्डाखाली अडकलेली असेल तर फर्मवेअरच्या (मदरबोर्डमधल्या मूळ प्रोग्रामच्या) सेटिंगमध्ये तो स्लॉट बंद करता येतो का ते पाहावे; तेही नसेल तर जीपार्टेड या पार्टिशन हाताळणाऱ्या प्रोग्राममध्ये मुख्य डिस्कच्या ईएफआय पार्टिशनवरील बूट आणि ईएसपी या दोन खुणा तात्पुरत्या काढाव्यात आणि काम झाल्यावर न विसरता परत लावाव्यात.

यात एक खोच आहे. जी डिस्क दिसत नाही तिच्या बूट नोंदी काही मदरबोर्डांचे फर्मवेअर स्वतःहून पुसून टाकते, आणि डिस्क परत जोडल्यावर मुख्य प्रणालीचे नाव बूट यादीतून गायब झालेले दिसते. डेटा सुरक्षित असतो, फक्त नोंद गेलेली असते. म्हणून डिस्क तोडण्याआधीच मुख्य प्रणालीच्या ईएफआय पार्टिशनमध्ये ईएफआय फोल्डरच्या आत बूट नावाचे फोल्डर आणि त्यात बूटएक्स६४ नावाची फाइल आहे याची खात्री करून घ्यावी. नोंद नसली तरी फर्मवेअर याच ठरलेल्या जागी शोध घेते. उबुंटू आणि फेडोरा तिथे जी फाइल ठेवतात ती पुसलेली नोंद आपोआप पुन्हा तयार करते. डेबियनमध्ये ग्रब या बूटलोडरच्या पॅकेजचे सेटिंग पुन्हा चालवून या जागी जादा प्रत ठेवण्याचा पर्याय निवडावा लागतो. राखीव प्रणालीसाठीही हीच जादा प्रत ठेवावी, विशेषतः ती बाहेरच्या डिस्कवर असेल तर. कारण नव्या संगणकाच्या फर्मवेअरमध्ये तिची नोंद असण्याचा प्रश्नच नसतो.

एकाच डिस्कवर, एकाच ईएफआय पार्टिशनमध्ये दोन्ही प्रणाली ठेवायच्या असतील तर त्या दोन वेगळ्या डिस्ट्रो (डेबियन, फेडोरा यांसारखे लिनक्सचे प्रकार) असाव्यात. प्रत्येक डिस्ट्रो ईएफआय पार्टिशनमध्ये आपल्या नावाचे फोल्डर करते. डेबियन आणि फेडोरा तिथे शेजारी सुखाने नांदतात. पण दोन उबुंटू बसवल्या तर दोघींचे फोल्डर एकच होते आणि जिने शेवटी लिहिले तिची सत्ता चालते. फोल्डरचे नाव बदलण्याचा पर्याय ग्रब-इन्स्टॉलमध्ये आहे, परंतु सिक्युअर बूट (फक्त सही केलेले बूटलोडर सुरू होऊ देणारी सोय) चालू असेल तर तो पुरा पडत नाही, कारण सही केलेल्या ग्रबच्या फाइलमध्ये मूळ फोल्डरचा मार्ग आतच कोरलेला असतो. वेगळ्या डिस्कवर वेगळे ईएफआय पार्टिशन असेल तर हा तंटा उद्भवत नाही, कारण ती फाइल ज्या डिस्कवरून उचलली गेली त्याच डिस्कवर आपले फोल्डर शोधते.

बूट मेनूबद्दल माझा नियम साधा आहे: प्रत्येक प्रणालीने फक्त स्वतःचा मेनू सांभाळावा. एका ग्रबने दुसऱ्या प्रणालीच्या नोंदी आपल्या मेनूत घेण्याचे काम ओएस-प्रोबर हा प्रोग्राम करतो. २०२१ मध्ये आलेल्या ग्रब २.०६ पासून तो मुळातच बंद ठेवलेला असतो, आणि अनेकांना तो बंद का झाला याचे कोडे पडते. तो चालू करता येतो, पण त्याने लिहिलेल्या नोंदी त्या क्षणीच्या कर्नलच्या फाइलींकडे बोट दाखवतात. समजा मुख्य प्रणालीच्या मेनूत राखीव प्रणालीची अशी नोंद आहे. तीन महिन्यांनी आपण राखीव प्रणाली अपडेट केली, तिचा कर्नल बदलला, जुना पुसला गेला. मुख्य प्रणालीच्या मेनूला यातले काहीच ठाऊक नसते. पुढे गरज पडेल त्या दिवशी त्या नोंदीवर एंटर दाबले की फाइल सापडली नाही एवढाच निरोप मिळतो.

म्हणून दोन्हीकडे ओएस-प्रोबर बंद ठेवावा आणि राखीव प्रणालीत जाण्यासाठी फर्मवेअरचा स्वतःचा बूट मेनू वापरावा. संगणक सुरू होताना एफ८, एफ११ किंवा एफ१२ यांपैकी जी कळ आपल्या मदरबोर्डला लागू असेल ती दाबली की हा मेनू येतो. मुख्य डिस्कवरचा ग्रब पूर्ण नष्ट झाला तरी हा मार्ग शाबूत राहतो. ग्रबच्या मेनूतच नोंद हवी असेल तर ती हाताने लिहावी आणि कर्नलऐवजी दुसऱ्या प्रणालीच्या बूटलोडरकडे वळवावी, म्हणजे पुढचे तो पाहून घेतो. दुसऱ्या प्रणालीची ग्रबची सेटिंग फाइल थेट वाचायला लावणे हाही मार्ग आहे, पण फेडोरा कर्नलच्या नोंदी वेगळ्या छोट्या फाइलींत ठेवते आणि त्या वाचण्याची सोय आपल्या ग्रबमध्ये नसेल तर त्यांतली एकही नोंद दिसत नाही. ईएफआयबूटएमजीआर ही कमांड काहीही पर्याय न देता चालवली की सध्याची नोंद, क्रम आणि सगळ्या नोंदी दिसतात. तो आउटपुट एकदा कागदावर उतरवून संगणकाजवळ ठेवावा.

आता कोणती डिस्ट्रो निवडावी हा मुद्दा. मुख्य प्रणालीचीच हुबेहूब प्रत ठेवण्याकडे पुष्कळांचा ओढा असतो, कारण सगळे ओळखीचे राहते. पण प्रतीबरोबर दोषांचीही प्रत होते. मार्च २०२४ मध्ये अँड्रेस फ्रॉइंड या प्रोग्रामरना एक्सझेड या फाइली आकुंचित करणाऱ्या पॅकेजच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा सापडला. सतत नवीन आवृत्ती घेणाऱ्या डिस्ट्रोंपर्यंत आणि चाचणी शाखांपर्यंत तो पोहोचला होता. डेबियनची स्थिर शाखा त्यातून सुटली. यावरून स्थिर शाखा नेहमीच सुरक्षित असते असे कोणी समजू नये. डिसेंबर २०२३ मध्ये डेबियन १२ च्या ६.१.६४ या कर्नलमध्ये ईएक्सटी४ या फाइलसिस्टीमवरील डेटा खराब करू शकणारा दोष निघाला, डेबियन १२.३ चे प्रकाशन त्यामुळे अडले आणि दुरुस्त कर्नलसह १२.४ आणावी लागली. या दोन प्रसंगांत दोष वेगवेगळ्या बाजूंनी आले. एका बाजूला ताजी आणि दुसऱ्या बाजूला स्थिर प्रणाली असती तर दोन्ही वेळा एक तरी बाजू शाबूत राहिली असती.

त्यामुळे मुख्य प्रणाली फेडोरा, आर्च किंवा उबुंटूची अल्पकाळाची आवृत्ती असेल तर राखीव म्हणून डेबियनची स्थिर आवृत्ती घ्यावी. मुख्य प्रणालीच डेबियन असेल तर उबुंटूची दीर्घकाळ चालणारी आवृत्ती घ्यावी. एनव्हिडियाचे कार्ड असेल तर मुख्य प्रणालीवर कंपनीचा ड्रायव्हर असू दे, राखीव प्रणालीवर मात्र मुक्त ड्रायव्हरच ठेवावा. नवा कर्नल आला, त्याच्यासाठी ड्रायव्हरचे मॉड्यूल तयार झाले नाही आणि समोर काळा पडदा आला, हा अपडेटनंतरचा सर्वांत परिचित बिघाड आहे. राखीव प्रणालीत तोच ड्रायव्हर ठेवला तर तोच बिघाड तिथेही वाट पाहत बसतो. खेळ किंवा व्हिडिओचे काम तिथे मंद चालेल, चालू द्यावे. संगणक अगदी नवा असेल तर मात्र स्थिर डिस्ट्रोचा जुना कर्नल त्याचे वाय-फाय ओळखतो का हे आधी लाइव्ह यूएसबीवर तपासावे. ओळखत नसेल तर डेबियनच्या बॅकपोर्ट्समधून (स्थिर आवृत्तीसाठीच्या नव्या पॅकेजांच्या साठ्यातून) नवा कर्नल घेता येतो. वाय-फायसारख्या उपकरणांच्या फर्मवेअरच्या फाइली मिळवण्याची जुनी डोकेदुखी मात्र संपली आहे, कारण २०२३ मधल्या डेबियन १२ पासून त्या अधिकृत इन्स्टॉलरमध्येच असतात.

होमच्या बाबतीत माझे उत्तर ठाम आहे: होम वेगळे, डेटा समाईक. होममध्ये आपल्या फाइलींइतक्याच प्रोग्रामांच्या सेटिंगच्या लपलेल्या फाइली असतात, आणि नवी आवृत्ती त्या आपल्या सोयीने बदलते. जुन्या आवृत्तीला त्या नंतर वाचता येतीलच असे नाही. फायरफॉक्सने तर २०१९ मधल्या ६७ व्या आवृत्तीपासून नव्या आवृत्तीत वापरलेले प्रोफाइल जुन्या आवृत्तीत उघडू न देण्याची व्यवस्थाच केली आहे. स्थिर डिस्ट्रोवरील फायरफॉक्स स्वाभाविकपणे जुना असतो, म्हणजे समाईक होममध्ये नेमक्या अडचणीच्या दिवशी तो आपले प्रोफाइल नाकारणार. केडीई या डेस्कटॉप वातावरणाच्या सेटिंगचेही दोन आवृत्त्यांमध्ये असेच हाल होतात. तेव्हा दस्तऐवज, छायाचित्रे, प्रकल्प यांसाठी एक स्वतंत्र डेटा पार्टिशन करावे, ते दोन्हीकडे एकाच मार्गावर माउंट करावे, आणि दोन्ही होममधून तिथे दुवे द्यावेत. आयमॅपवरचा (सर्व्हरवरच राहणारा) मेल दोन्हीकडे स्वतंत्रपणे जोडला तरी बिघडत नाही.

या समाईक पार्टिशनला तीन अटी आहेत. पहिली, दोन्ही प्रणालींमध्ये आपला वापरकर्ता क्रमांक एकच असावा. फाइलींची मालकी नावाने नव्हे तर क्रमांकाने नोंदलेली असते. दोन्हीकडे पहिला वापरकर्ता म्हणून स्वतःला नोंदवले की सहसा १००० हाच क्रमांक मिळतो, पण एकीकडे आधी चाचणीचे खाते काढले असेल तर आपल्याला १००१ मिळतो आणि स्वतःच्याच फाइलींवर लिहिता येत नाही. दुसरी, राखीव प्रणालीच्या एफएसटॅबमध्ये (सुरू होताना कोणती पार्टिशन जोडायची याची यादी असलेल्या फाइलमध्ये) या पार्टिशनच्या ओळीत नोफेल हा पर्याय असावा. तो नसेल आणि मुख्य डिस्क मेलेली असेल तर राखीव प्रणाली त्या पार्टिशनची वाट पाहून शेवटी आणीबाणीच्या स्थितीत जाऊन थांबते, म्हणजे ज्या प्रसंगासाठी तिला ठेवले त्याच प्रसंगी ती अडते.

तिसरी अट कमी परिचित आहे. डेटा पार्टिशन दोघींपैकी जुन्या प्रणालीने फॉरमॅट केलेले असावे. ईएक्सटी४ ची साधने २०२३ मध्ये १.४७ या आवृत्तीला आली तेव्हा नव्या फाइलसिस्टीममध्ये काही नवी वैशिष्ट्ये आपोआप चालू होऊ लागली. १.४६ असलेल्या प्रणालीवर अशा पार्टिशनची तपासणी सुरू केली की फीचर_सी१२ हे वैशिष्ट्य समजत नाही, तपासणीच्या प्रोग्रामची नवी आवृत्ती आणा, असा निरोप येतो आणि काम तिथेच थांबते. फाइली वाचता येतात, पण दुरुस्ती करता येत नाही. मुख्य प्रणालीच्या मूळ पार्टिशनलाही हेच लागू आहे. राखीव प्रणाली फार जुनी झाली की ती मुख्य प्रणालीची डॉक्टर राहत नाही.

स्वॅप समाईक ठेवण्यात जागेची बचत आहे, पण दोन गोष्टी जपाव्या लागतात. दुसरी प्रणाली बसवताना अनेक इन्स्टॉलर सापडलेले स्वॅप पार्टिशन पुन्हा फॉरमॅट करतात, त्यामुळे त्याचा यूयूआयडी (पार्टिशनची ओळख पटवणारा क्रमांक) बदलतो. त्यानंतर मुख्य प्रणाली सुरू करताना काळ्या पडद्यावर डिस्कच्या एका लांबलचक क्रमांकासाठी काम चालू असल्याची ओळ येते आणि तिच्या शेवटी एक मिनिट ३० सेकंदांची मर्यादा दिसते. पूर्ण ९० सेकंद गेल्यावर मग प्रणाली पुढे सरकते. घाबरण्याचे कारण नसते. ब्लकआयडी कमांडने नवा यूयूआयडी पाहून तो एफएसटॅबमध्ये लिहावा. डेबियन आणि उबुंटूमध्ये हायबरनेशनसाठी (स्मरणातले सगळे स्वॅपवर लिहून संगणक बंद करण्यासाठी) तोच यूयूआयडी इनिटरॅमएफएसच्या (कर्नलबरोबर सुरुवातीला लोड होणाऱ्या छोट्या फाइलसंचाच्या) रिझ्यूम सेटिंगमध्येही असू शकतो. तिथे बदलून इनिटरॅमएफएस पुन्हा तयार करावा, नाहीतर थोडा उशीर शिल्लक राहतोच. दुसरी गोष्ट गंभीर आहे. हायबरनेट वापरत असाल तर स्वॅप अजिबात समाईक ठेवू नये, आणि एक प्रणाली हायबरनेट केलेली असताना दुसरीतून तिची पार्टिशन किंवा समाईक डेटा कधीही माउंट करू नये. झोपलेल्या प्रणालीच्या स्मरणात फाइलसिस्टीमचे जुने चित्र असते. जागी झाल्यावर ती त्याच चित्रानुसार लिहू लागते आणि मधल्या बदलांची वाट लागते. मी राखीव प्रणालीसाठी वेगळी स्वॅप फाइल ठेवतो आणि विषय संपवतो.

एलव्हीएम (डिस्कची जागा एकत्र करून लवचिकपणे वाटणारी व्यवस्था) वापरणाऱ्यांनी व्हॉल्यूम ग्रुपचे नाव दोन्हीकडे वेगळे ठेवावे. इन्स्टॉलर ठरावीक नाव देतो, आणि एकाच नावाचे दोन ग्रुप समोर आले की नावाने काही करता येत नाही. मग यूयूआयडी वापरून एकाचे नाव बदलावे लागते, आणि ज्याचे बदलले त्याचे एफएसटॅब, ग्रब आणि इनिटरॅमएफएसही त्याबरोबर बदलावे लागतात. मुख्य डिस्क लक्स या कूटबद्ध करण्याच्या पद्धतीने बंद केलेली असेल तर राखीव प्रणालीवर क्रिप्टसेटअप आणि एलव्हीएमची पॅकेजे आधीच बसवावीत, आणि तिथून एकदा ती डिस्क उघडून पाहावी.

कोणाला तरीही मुख्य प्रणालीची नक्कलच हवी असेल तर ती आरसिंकने (फाइली एकेक करून उतरवणाऱ्या कमांडने) करावी, डीडीने करू नये. डीडी पार्टिशनची बिट-बिट नक्कल करते आणि तिच्याबरोबर यूयूआयडीसुद्धा तोच येतो. मग एकाच यूयूआयडीची दोन पार्टिशन संगणकात राहतात आणि कोणते माउंट होईल हे सांगता येत नाही. एक्सएफएस ही फाइलसिस्टीम अशा प्रकारचे दुसरे पार्टिशन माउंट करायला नकार देते, आणि बीटीआरएफएसमध्ये तर दोन्हींत सरमिसळ होऊन डेटा जाऊ शकतो. आरसिंक चालवताना मालकी, परवानग्या, हार्ड लिंक, एसीएल (जादा परवानग्यांच्या याद्या) आणि विस्तारित गुणधर्म जपणारे पर्याय, आणि इतर फाइलसिस्टीममध्ये न शिरण्याचा पर्याय, असे सगळे द्यावेत. नक्कल झाल्यावर नव्या बाजूचे एफएसटॅब दुरुस्त करून तिथेच सीएचरूट करून (न सुरू करता त्या प्रणालीच्या आत शिरून) ग्रब आणि इनिटरॅमएफएस पुन्हा तयार करावेत.

राहिला देखभालीचा मुद्दा. राखीव प्रणाली महिन्यातून एकदा प्रत्यक्ष सुरू करावी, अपडेट करावी, पुन्हा सुरू करून पाहावी, आणि त्या दिवशीचे तासभर काम तिच्यावरच करावे. मुख्य प्रणालीतून सीएचरूट करून तिची पॅकेजे अपडेट करता येतात, पण मी ते टाळतो. एक तर ग्रबचे पॅकेज त्या वेळी चुकीच्या ईएफआय पार्टिशनवर किंवा फर्मवेअरच्या नोंदींवर हात चालवू शकते. आणि दुसरे म्हणजे, ती सुरू होते की नाही हे सुरू केल्याशिवाय कळत नाही. छापायला पान पाठवावे, व्हीपीएन जोडावे, मेल पाठवावा. सहा महिन्यांपूर्वी बदललेला व्हीपीएनचा पासवर्ड इथेच उघडा पडतो.

नियमित अपडेटचे आणखी एक कारण आहे, आणि ते वेगळ्या डिस्कने टळत नाही. सिक्युअर बूटमध्ये कोणते बूटलोडर नाकारायचे याची माहिती मदरबोर्डच्या स्मृतीत राहते, म्हणजे ती सगळ्या डिस्कना लागू असते. ऑगस्ट २०२४ मध्ये विंडोजच्या एका अपडेटने एसबॅट नावाची ही मर्यादा वाढवली, तेव्हा त्याच संगणकावरील जुने शिम (सिक्युअर बूटसाठी ग्रबच्या आधी चालणारा सही केलेला छोटा प्रोग्राम) असलेल्या अनेक लिनक्स सुरू होईनाशा झाल्या. पडद्यावर एसबॅटची स्वतपासणी फसली आणि सुरक्षा धोरणाचा भंग झाला, एवढीच ओळ यायची. विंडोज नसली तरी मुख्य लिनक्समधले नवे शिमही ही मर्यादा वर नेऊ शकते. वर्षभर न उघडलेली राखीव प्रणाली अशा वेळी दारातच अडवली जाते. ताबडतोब सुटका हवी असेल तर फर्मवेअरमध्ये सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून आत जावे, शिम आणि ग्रब अपडेट करावेत आणि ते पुन्हा चालू करावे.

प्रत्यक्ष बिघाड झाल्यावर राखीव प्रणालीतून मुख्य पार्टिशन आधी फक्त वाचनासाठी माउंट करावे. जर्नलसीटीएल या कमांडला फोल्डरचा मार्ग दिला की मुख्य प्रणालीची नोंदवही इथे बसून वाचता येते, आणि शेवटच्या बूटमध्ये काय अडले हे बहुधा तिथेच सापडते. फाइलसिस्टीमची तपासणी करायची असेल तर पार्टिशन माउंट नसावे. मूळ पार्टिशनच्या बाबतीत ही अट राखीव प्रणालीमुळेच सहज पाळता येते. पॅकेज किंवा इनिटरॅमएफएस दुरुस्त करायचा असेल तर मग लेखनासाठी माउंट करून सीएचरूट करावे. मुख्य प्रणाली फेडोरा असेल आणि तिच्या ईटीसी या सेटिंगच्या फोल्डरमधील फाइली डेबियनमधून बदलल्या असतील तर त्या फाइलींवरील एसईलिनक्स या सुरक्षा व्यवस्थेच्या खुणा बिघडतात आणि योग्य पासवर्ड देऊनही लॉगिन होत नाही. तिच्या मूळ फोल्डरमध्ये, नावाआधी टिंब देऊन, ऑटोरिलेबल नावाची रिकामी फाइल ठेवून प्रणाली सुरू केली की खुणा नव्याने लागतात. मुख्य प्रणालीत रूट (सर्वाधिकारी) खाते कुलूपबंद असेल तर आणीबाणीच्या स्थितीत कन्सोलही न मिळण्याची शक्यता असते. तिथे एफएसटॅबमधली एक चुकीची ओळ काढण्यासाठीसुद्धा बाहेरून यावे लागते, आणि राखीव प्रणालीतून ते दोन मिनिटांचे काम आहे.

काही किरकोळ बाबी उरतात. ब्लूटूथ कीबोर्ड एका प्रणालीशी जोडला की दुसरीची जोडणी तुटते, आणि फर्मवेअरच्या मेनूत तो बहुधा चालतच नाही. केबलचा एक कीबोर्ड जवळ असावा. दोन्ही प्रणालींनी संगणकाचे घड्याळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) समजावे, नाहीतर प्रत्येक बदलानंतर वेळ पुढेमागे होते. पासवर्डांची फाइल मुख्य प्रणालीच्या होममध्येच असेल तर तिची प्रत राखीव डिस्कवर ठेवावी आणि दर महिन्याच्या त्या तासात ती ताजी करावी. लक्सच्या हेडरची (डिस्कच्या किल्ल्या असलेल्या सुरुवातीच्या भागाची) प्रत मुख्य डिस्कवर ठेवण्यात अर्थ नाही; तीही राखीव डिस्कवर, कूटबद्ध करून ठेवावी, कारण हेडर खराब झाले तर बरोबर पासवर्ड असूनही आतला डेटा परत मिळत नाही.